नाडी, मात्रा आणि रक्ताचा थेंब

पेठ वडगांवास माझी एक आत्या असते. वडगांव म्हटलें कीं इतिहासाच्या वाचकाला १७७९ सालीं इंग्रजांशीं झालेला तह आठवतो. पण तें वडगांव मावळांतलें. हें वडगांव कोल्हापूरच्या उत्तरेस, वारणेच्या बाजूला, हातकणंगलें तालुक्यांत आहे. शाहू छत्रपतींचे सेनापति धनाजी जाधव १७०८ सालीं पायाच्या व्रणानें येथेंच निवर्तले, व त्यांची समाधि या गांवांत आहे. आसपासच्या खेड्यांतील लोक मात्र हें गांव ओळखतात तें पेठ म्हणून, बाजार म्हणून.

आत्याला लहानपणीं सांधे सुजविणारा ताप वारंवार येई. हा ताप सांधे सोडून जातो, पण हृदयावर कायमची खूण ठेवतो. तिच्या हृदयाची एक झडप त्यानें आकसली, आणि साठी उलटल्यावर नाडीची लयच बिघडली. ठोके कधीं दाट, कधीं विरळ, एकाचा दुसऱ्याशीं मेळ नाहीं. त्यावर डॉक्टरांनीं तिला डिगॉक्सिनची रोज अर्धी गोळी सांगितली, व ती तिला चांगली मानवलीहि. दोन वर्षांपूर्वीं या औषधाचें रक्तांतील प्रमाण पाहण्यासाठीं तिचें रक्त काढून कोल्हापुरास पाठविण्यांत आलें. अहवाल आला, त्यांतला अंक छापील मर्यादेच्या वर होता. आतेभावानें तो अंक पाहिला, शेजारची वर जाणारी खूण पाहिली, आणि कोणीतरी ‘विष’ हा शब्द उच्चारतांच गोळी बंद केली. आठपंधरा दिवसांत आत्याची छाती धडधडूं लागली, जिना चढवेना, पायांवर सूज आली. तिला घेऊन मंडळी कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे धांवलीं, तेव्हां डॉक्टरांनीं अहवालाकडे पाहून एकच प्रश्न केला : “मावशी, रक्त दिलं त्या दिवशीं गोळी केव्हां घेतली होती?”

“नेहमीसारखी, पूजा आटपल्यावर. गोळी घेतली नि तशीच रक्त द्यायला गेले.”

सगळा घोटाळा या उत्तरांत होता. नुकतेंच पोटांतून रक्तांत उतरलेलें औषध अजून हृदयांत आणि इतर स्नायूंत मुरलें नव्हतें. तें रक्तांतच गर्दी करून होतें. अशा वेळीं काढलेलें रक्त खोटें बोलत नाहीं, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरहि देत नाहीं. गोळी घेतल्यावर निदान सहा तास गेले पाहिजेत. पुढची गोळी घेण्याच्या आधीं रक्त काढलें तर सर्वांत उत्तम. या साध्या नियमापर्यंत येऊन पोंचावयास वैद्यकाला पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लागला आहे. त्या प्रसंगानंतर ती हकीकत मी जुळवीत गेलों, आणि ती वाटली होती त्यापेक्षां पुष्कळच चमत्कारिक निघाली.

औषध आणि विष यांतील अंतर मात्रेचें असतें, हें आपल्या वैद्यांना नवें नव्हतें. नीट योजना केली असतां तीक्ष्ण विषहि उत्तम औषध होतें, हा विचार चरकसंहितेंतच आहे. कण्हेरीची गणना आपल्याकडे उपविषांत होते. कोंकणांत उगवणारा रानकांदा, ज्याला कोळकांदाहि म्हणतात, जुने लोक जपूनच हाताळीत. कुंपणाला लावलेल्या पिवळ्या कण्हेरीच्या बिया, म्हणजे बिट्ट्या, घेऊन आपण सर्वजण लहानपणीं खेळलों आहों. त्या बियांतहि हृदयाला गांठणारें विष आहे. हीं सर्व द्रव्यें विलायती डिजिटॅलिसच्याच जातीचीं. नाडीचेंहि तसेंच. शार्ङ्गधराच्या ग्रंथांत नाडीच्या गतीला निरनिराळ्या प्राण्यांच्या चालीच्या उपमा दिल्या आहेत, आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक मानिली आहे. म्हणजे लय बिघडल्याचें ज्ञान बोटाला होतें, विषाची ओळख हाताला होती. या दोहोंना जोडणारें माप मात्र येथेंहि नव्हतें व विलायतेंतहि नव्हतें.

विल्यम विदरिंग हा बर्मिंगहॅमचा डॉक्टर. १७७५ सालीं श्रॉपशायर परगण्यांतील एका वृद्ध स्त्रीच्या घरगुती काढ्याविषयीं त्याचें मत विचारण्यांत आलें. ज्यांच्यापुढें डॉक्टरांनीं हात टेकले होते असे सर्वांग सुजलेले रोगी तिच्या काढ्यानें बरे होत असत. काढ्यांत वीसएक वनस्पति होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचा चांगला जाणकार; त्यानें ओळखलें कीं त्यांत काम करणारी एकच, जांभळ्या घंटेसारख्या फुलांची फॉक्सग्लव्ह. त्या बाईचें नांव त्यानें टिपून ठेविलें नाहीं. पुढें विसाव्या शतकांत औषधांच्या एका जाहिरातीनें तिला नांवहि दिलें आणि चेहराहि दिला, व कित्येक शहाण्यासुरत्या ग्रंथकारांनीं तें खरें मानून चालविलें! विदरिंगनें दहा वर्षें प्रयोग करून १७८५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत बरे झालेल्या रोग्यांबरोबर न बरे झालेल्यांच्याहि हकीकती आहेत, हें त्याच्या सचोटीचें लक्षण होय.

मात्रा ठरविण्याची त्याची रीति आज वाचली म्हणजे अंगावर कांटा येतो. औषध देत जावें. लघवी सुटली, किंवा मळमळूं लागलें, किंवा नाडी मंदावली, किंवा पोट बिघडलें, कीं यांपैकीं पहिलें चिन्ह दिसतांच थांबावें. मात्रा अधिक झाल्यास ओकाऱ्या होतात, भोंवळ येते, वस्तु हिरव्या-पिवळ्या दिसूं लागतात, नाडी मिनिटाला पस्तीस ठोक्यांपर्यंत खालीं येते, आणि शेवटीं मृत्यूहि येतो, हें सारें त्यानें स्वच्छ लिहून ठेविलें आहे. म्हणजे रोग्याचें शरीर हाच तराजू, आणि विषबाधेची पहिली पायरी हा त्या तराजूचा कांटा. पुढें पिढ्यानुपिढ्या वैद्यकानें याच तराजूवर काम भागविलें. त्याबद्दल त्यांना हंसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. दुसरा तराजू नव्हता.

बरें, पारड्यांत घालावयाचा मालहि भरंवशाचा नव्हता. एका शेतांतलें पान जहाल निघे, तर दुसऱ्या शेतांतलें मिळमिळीत. म्हणून किती मात्रेनें बेडकाचें, मांजराचें किंवा कबुतराचें हृदय थांबतें हें पाहून औषधाची शक्ति ठरविण्यांत येई. मांजराच्या एक किलो वजनामागें त्याला मारण्यास पुरेल ती एक मात्रा, असें एक परिमाणच १९१० च्या सुमारास अमेरिकेंत रूढ झालें. १९२६ सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें डिजिटॅलिसच्या भुकटीचा एक आंतरराष्ट्रीय प्रमाण-नमुना ठरला. आपल्याकडे तर याशिवाय हवेचीहि भर. उष्ण प्रदेशांत या औषधाच्या अर्काची शक्ति लवकर ओसरते, याकडे कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा यांनीं लक्ष वेधलें. त्यांच्याच अध्यक्षतेखालीं १९३०-३१ सालीं औषधांच्या चौकशीची समिति बसली, आणि त्या चौकशीच्या पोटीं पुढें १९४० चा औषधविषयक कायदा झाला. विलायतेहून निघालेली बाटली मुंबईस उतरून मिरज-कोल्हापुरास येईतों तिच्यांत कितीसा जीव उरला आहे, हें ती लिहून देणाऱ्या डॉक्टरलाहि सांगतां आलें नसतें. १९३० सालीं सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानें फॉक्सग्लव्हच्या लोंकरी जातीच्या पानांतून शुद्ध डिगॉक्सिन वेगळें काढलें. आतां औषध मिलिग्रॅममध्यें तोलतां येऊं लागलें. मांजरांची सुटका झाली; प्रश्न सुटला, असें सर्वांना वाटलें.

मध्यंतरीं औषधाचें खरें कार्यक्षेत्र कोणतें, हेंहि स्पष्ट झालें होतें. विदरिंगची नजर प्रामुख्यानें सुजेवर होती. बर्नली या गिरण्यांच्या गांवांत साधा डॉक्टरकीचा धंदा करणाऱ्या जेम्स मॅकेंझीनें मनगटाच्या व मानेच्या शिरांचे ठोके शाईनें कागदावर उतरविणारें यंत्र वापरून वर्षानुवर्षें नाड्यांचे आलेख जमविले. अगदीं अनियमित नाडी असलेल्या रोग्यांवर डिजिटॅलिस विशेष लागू पडतें हें त्याच्या ध्यानांत आलें. आइंटहोव्हेननें लायडन येथें तयार केलेल्या विद्युत्‌-आलेखाच्या यंत्रावर थॉमस लुइस यानें १९०९ सालीं दाखविलें कीं, अशा नाडीच्या मुळाशीं हृदयाच्या वरच्या कप्प्यांची नुसती थरथर असते. डिजिटॅलिस ती थरथर थांबवीत नाहीं. वरून येणाऱ्या हांकांपैकीं थोड्याच खालच्या कप्प्यांपर्यंत पोंचूं देतें, व त्यामुळें हृदयाला भरावयास उसंत मिळते. आमच्या आत्याची अर्धी गोळी करते तें हेंच.

६ मे १९२२ रोजीं राजर्षि शाहू महाराज मुंबईस हृदयविकारानें वारले. वय अवघें सत्तेचाळीस. मिरजेस वॉनलेस डॉक्टरांचें मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होतें, कोल्हापुरांत मोठें सरकारी रुग्णालय होतें, आणि महाराजांना मुंबईचे वाटेल ते डॉक्टर उपलब्ध होते. तथापि त्या सालीं जगांतल्या कोणत्याहि राजाच्या उशाशीं बसलेल्या डॉक्टरला हृदयाच्या औषधाची मात्रा नाडी, लघवी आणि मळमळ यांवांचून दुसऱ्या कशानेंहि ठरवितां येत नव्हती. या बाबतींत राजवाडा आणि वडगांवची झोंपडी यांत कांहींच अंतर नव्हतें.

दुसरें औषध अगदीं वेगळ्या वाटेनें आलें, आणि रक्तांत औषध मोजण्याची कल्पनाहि त्याच वाटेनें आली. १९१२ सालीं डच डॉक्टर वेंकेबाख याच्याकडे एक डच व्यापारी आला. त्याची नाडी अधूनमधून बिघडे. आपण हिशेबी व्यापारी असल्यामुळें हृदयाच्या कारभारांतहि आपल्याला शिस्त हवी, असें त्याचें म्हणणें होतें. डॉक्टरनें असमर्थता दाखवितांच तो म्हणाला कीं, मला स्वतःला तें साधतें. आणि दुसरे दिवशीं नियमित नाडी घेऊन हजर झाला. त्यानें रात्रीं एक ग्रॅम क्विनाइन घेतलें होतें! वेंकेबाखनें ही हकीकत १९१४ सालीं छापली, आणि १९१८ सालीं बर्लिनच्या फ्रायनें दाखविलें कीं सिंकोनाच्या सालींतील क्विनाइनचें भावंड क्विनिडिन या कामीं अधिक गुणकारी आहे. सिंकोना आपल्याला परका नाहीं. निलगिरींत व दार्जिलिंगकडे त्याच्या लागवडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहेत, आणि हिवतापासाठीं क्विनाइनच्या पुड्या ब्रिटिश मुलखांत टपालकचेरींतून विकत मिळत.

१९४२ सालीं जावा बेट जपान्यांच्या हातीं गेलें. जगांतील बहुतेक सिंकोना तेथला. अमेरिकन सैन्याला हिवतापावर बदली औषध पाहिजे होतें, आणि ॲटॅब्रिन नांवाचें पिवळें कृत्रिम औषध हाताशीं होतें. पण त्यानें शिपाई इतके हैराण होत कीं तें घेण्याचें टाळीत. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयांत जेम्स शॅनन, बर्नार्ड ब्रोडी व सिडनी उडेनफ्रेंड यांनीं मात्रा किती दिली याचा हिशेब बाजूस ठेवून रक्तांत किती पोंचली हें मोजावयास आरंभ केला. क्विनाइनच्या पाण्यावर ऊन पडलें असतां निळसर झांक दिसते. ही चकाकी मोजून रक्तांतील क्विनाइनचें प्रमाण काढण्याची रीति त्यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केली. ॲटॅब्रिन शरीराच्या पेशींत जाऊन बसतें व रक्तांतील प्रमाण सावकाश चढतें, हें कळल्यावर आरंभीं मोठी मात्रा व नंतर लहान, असा क्रम ठरला आणि औषध उपयोगांत आलें. क्विनिडिनहि त्याच रीतीनें चकाकतें. १९५० सालीं सोकोलोव्ह व एडगर यांनीं रक्तांतील क्विनिडिनचें प्रमाण हृदयाच्या लयीवरील उपचारास मार्गदर्शक कसें होतें यावर निबंध लिहिला. हृदयाच्या लयीचें औषध बाटलींत न मोजतां रक्तांत मोजण्याचा हा आरंभ. मच्छरानें आणि महायुद्धानें हृदयरोग्याचें असें भलें केलें, हें इतिहासाचें तिरपागडेंपण नव्हे तर काय?

डिगॉक्सिनपुढें मात्र ही चकाकीची युक्ति निरुपयोगी होती. क्विनिडिनच्या मानानें डिगॉक्सिन रक्तांत हजारों पटींनीं कमी असतें. एका मिलिलिटर रक्तद्रवांत एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जांश! एवढ्याला कोणतें रसायन पुरें पडणार? उपाय निघाला तो मधुमेहाच्या संशोधनांतून. न्यूयॉर्कच्या एका सैनिकी रुग्णालयांत रोझलिन यॅलो ही पदार्थविज्ञानाची पंडिता व सॉलोमन बर्सन हा डॉक्टर यांनीं १९६० च्या सुमारास रक्तांतील इन्सुलिन मोजण्याची किरणोत्सर्गी द्रव्याची रीति पुरी केली. तिचें तत्त्व बाजाराच्या उपमेनें सांगतां येईल. वडगांवच्या बाजाराच्या दिवशीं एका धर्मशाळेंत नव्वद पथाऱ्यांचीच जागा आहे, असें समजा. आपण शंभर माणसें तांबडीं पागोटीं बांधून तिकडे पाठविलीं, आणि त्याच वेळीं कांहीं अनोळखी, पांढऱ्या पागोट्याचे लोकहि दारांतून शिरले. रात्रीं आंत जाऊन फक्त तांबडीं पागोटीं मोजावयाचीं. तीं ऐशीं भरलीं तर अनोळखी थोडे आले. तीस भरलीं तर पुष्कळ आले. पांढऱ्या पागोट्याच्या एकालाहि आपण पाहिलें नाहीं, तरी त्यांची संख्या कळली. तांबडीं पागोटीं म्हणजे किरणोत्सर्गी खुणेचें औषध, पांढरीं म्हणजे रोग्याच्या रक्तांतलें, आणि धर्मशाळा म्हणजे त्या औषधालाच चिकटणारें प्रतिद्रव्य.

अडचण एवढीच कीं डिगॉक्सिनचा रेणु फार लहान. तो सशाला टोंचला तरी सशाचें शरीर त्याची दखल घेत नाहीं. व्हिन्सेंट बटलर व चेन यांनीं तो रक्तांतील मोठ्या प्रथिनाला जोडून सशांना टोंचला व १९६७ सालीं हवें तें प्रतिद्रव्य मिळविलें. १९६९ सालीं थॉमस स्मिथ, बटलर व एडगर हेबर यांनीं त्याच्या साह्यानें रोग्यांच्या रक्तांतील डिगॉक्सिन मोजून दाखविलें. विदरिंगच्या पुस्तकापासून एकशेंचौऱ्यायशी वर्षांनीं तराजूला रोग्याच्या शरीराबाहेर जागा मिळाली. बर्सन १९७२ सालीं वारला. यॅलोबाईंना १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तराजू हातीं आल्यावर प्रथम काय दिसलें असेल, तर अनेक वर्षें अंधारांत काय चाललें होतें तें. १९७१ सालीं बॉस्टन येथील एका पाहणींत असें आढळलें कीं रुग्णालयांत दाखल झालेल्या व डिजिटॅलिस घेणाऱ्या शंभर रोग्यांपैकीं तेवीस जणांना त्याची निश्चित बाधा झालेली होती. आजाराची मळमळ आणि औषधाची मळमळ यांत डोळ्यांना फरक दिसत नाहीं, हें या आंकड्यानें लोकांच्या गळीं उतरविलें. त्याच वर्षीं लिंडेनबॉम व त्याचे सहकारी यांनीं आणखी एक गोष्ट उजेडांत आणिली, व ती माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत उद्बोधक होय. त्यांनीं निरनिराळ्या कारखान्यांच्या, पण चिठीवर सारखेंच वजन छापलेल्या गोळ्या निरोगी माणसांना दिल्या, व रक्त तपासलें. रक्तांतील प्रमाणांत सातपटीपर्यंत फरक निघाला! एकाच कारखान्याच्या दोन खेपांच्या मालांतहि फरक होता. गोळींत औषध होतें तेवढेंच. पण कण केवढे आहेत, गोळी केवढी दाबलेली आहे, पोटांत ती विरघळते किती, यावर सारें अवलंबून होतें. इंग्लंडांतहि १९७२ सालीं एका प्रसिद्ध गोळीच्या घडणींत केलेल्या बदलानें तिची शक्ति एकदम वाढली. १९३० सालीं सुटला असें वाटलेला प्रश्न तो हा. बेडूक आणि मांजरें यांच्या काळांत निदान माल बेभरंवशाचा आहे हें सर्वांना ठाऊक तरी होतें. मिलिग्रॅमच्या छापील आंकड्यानें तीहि सावधगिरी नाहींशी केली होती.

आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. १९२० नंतरच्या काळापासून डॉक्टर लोक डिजिटॅलिस व क्विनिडिन हीं दोन्ही औषधें एकाच रोग्याला बिनदिक्कत देत आले. पुस्तकांत तशी शिफारस असे. १९७८ सालीं स्वीडनमधून व अमेरिकेंतून जवळजवळ एकदमच निबंध आले कीं, डिगॉक्सिन घेणाऱ्या रोग्याला क्विनिडिन सुरू केलें असतां रक्तांतील डिगॉक्सिन सुमारें दुप्पट होतें. अर्ध्या शतकांत हजारों डॉक्टरांच्या, लक्षावधि नाड्यांवर ठेवलेल्या बोटांना हें कळलें नव्हतें! त्यांचीं बोटें अडाणी होतीं असें नाहीं. दोन औषधांपैकीं कोणतें बाधत आहे, हें बोटानें कळण्यासारखेंच नव्हतें.

मुंबईच्या परळ भागांत या विद्येचीं बीजें लवकर पडलीं. हाफकिन संस्था, १९२६ सालीं सुरू झालेलें के. ई. एम. रुग्णालय, टाटा रुग्णालय, आणि १९६३ सालीं अणुशक्ति खात्यानें स्थापिलेलें रेडिएशन मेडिसिन सेंटर हीं सारीं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. के. ई. एम. मध्यें औषधशास्त्राच्या विभागानें डॉ. नीलिमा क्षीरसागर प्रभृतींच्या नेतृत्वाखालीं रक्तांतील औषधें मोजण्याची व्यवस्था विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नीट बसविली, व गरीब देशाला ही तपासणी कशी परवडेल यावर लेखनहि केलें. तेथें येणाऱ्या नमुन्यांत भरणा मोठा असे तो अपस्मारावरील औषधांचा. हृदयाचीं औषधें संख्येनें मागें. हें एका अर्थानें उलटें आहे. सांध्यांच्या तापानें हृदय बिघडलेले रोगी पाश्चात्त्य देशांत आतां विरळ झाले. आपल्याकडे ते अजून आहेत, त्यांत तरुण बायका पुष्कळ आहेत, आणि डिगॉक्सिन हें स्वस्त औषध त्यांच्याच वांट्याला येतें. औषध स्वस्त व तपासणी महाग, अशी जोडी असली म्हणजे कोणती मागें पडणार हें सांगावयास नको. वडगांवासारख्या ठिकाणीं रक्त घेतात, बाटलींत भरतात, आणि मोठ्या शहराकडे रवाना करतात. बाटलीबरोबर नांव जातें, वय जातें. गोळी केव्हां घेतली आणि रक्त केव्हां काढलें या दोन वेळा मात्र वाटेंत कोठें तरी गळतात.

आणि या तराजूचेहि स्वतःचे खोड आहेतच. ज्या प्रतिद्रव्यावर तपासणी उभी आहे, तें डिगॉक्सिनसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या द्रव्यांनाहि कधीं कधीं जवळ करतें. नवजात अर्भकांच्या, गर्भिणींच्या व मूत्रपिंड बिघडलेल्यांच्या रक्तांत, डिगॉक्सिनचा कण न घेतांहि, तें असल्याचा आभास होतो. बिट्टीची बी पोटांत गेलेल्या माणसाचें रक्त तपासलें तर त्यांतहि ‘डिगॉक्सिन’ निघतें. अंक मात्र खऱ्या विषाचें माप देत नाहीं, केवळ त्याची चाहूल देतो. याच चुकीचा पुढें सदुपयोगहि झाला. मोजण्यासाठीं निर्मिलेलें प्रतिद्रव्य औषधाला चिकटतें, तर तें शरीरांतच कां टोंचूं नये? १९७६ सालीं अमेरिकेंत डिगॉक्सिनची प्रचंड मात्रा घेतलेल्या एका रोग्याचा प्राण मेंढ्यांपासून मिळविलेल्या अशा प्रतिद्रव्यानें वांचविण्यांत आला, आणि २००० सालीं श्रीलंकेंतील प्रयोगानें दाखविलें कीं पिवळ्या कण्हेरीच्या विषावरहि तें चालतें. दुःख एवढेंच कीं त्याची किंमत जेथें कण्हेरीचीं कुंपणें आहेत तेथल्या लोकांच्या आवांक्याबाहेरची आहे.

छापील मर्यादाहि अढळ नाहीं. प्रारंभीं दोन नॅनोग्रॅमपर्यंतचा अंक निर्धोक मानीत. १९९७ सालीं सुमारें सहा हजार आठशें हृदयरोग्यांवरील मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला, व त्यांतील रक्ताच्या आंकड्यांचा २००३ सालीं पुन्हा विचार झाला. तेव्हां असें दिसलें कीं हृदय दुबळें असलेल्या पुरुषांत एकाच्या खालचा अंकच बरा, त्याहून बराच वरचा घातक. म्हणजे तीस वर्षें ज्याला योग्य म्हटलें त्यांतला वरचा अर्धा भाग अयोग्य ठरला. शिवाय रक्तांतील पोटॅशियम उतरलें असेल तर योग्य अंकावरहि विषबाधा होते, आणि मूत्रपिंड थकलें असेल तर अर्धी गोळीहि सांठत सांठत दोन गोळ्यांएवढी होते. अमिओडॅरोन नांवाचें जें औषध आतां लयीसाठीं पुष्कळ वापरतात, त्याचा रक्तांतील अंक तर फारसा उपयोगीच पडत नाहीं. तें चरबींत महिनोन्‌महिने दडून राहतें, आणि तेथें डॉक्टर गलग्रंथि व यकृत यांचीच तपासणी करून पाहतात.

आत्या आतां गोळी रात्रीं जेवणानंतर घेते. रक्त सकाळीं काढलें म्हणजे तासांचा हिशेब आपोआप बरोबर पडतो. गेल्या महिन्यांत तिच्याबरोबर मीहि कोल्हापुरास गेलों होतों. आतेभावानें अहवालाचा कागद पुढें केला. डॉक्टरांनीं तो घेऊन टेबलावर पालथा ठेविला, एका हातानें आत्याचें मनगट धरलें, दुसऱ्या हातानें नळी छातीला लाविली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पुरतें एक मिनिट ठोके मोजले. मग कागद उलटला.

“मळमळतं का, मावशी? जेवण जातं ना?”

“जातं की. गोळी अर्धीच ना मग?”

“अर्धीच,” डॉक्टर म्हणाले. आणि कागदावर रक्त काढल्याची वेळ नव्हती, ती तिला विचारून त्यांनीं कोपऱ्यांत लिहिली.